नगरचा शाळू : थंडी, ऊन आणि पान यांचा इतिहास

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की मलिक अहमदने वसविलेले शहर, १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने लढविलेला भुईकोट किल्ला, मलिक अंबरची कारकीर्द आणि १९४२ मध्ये त्याच किल्ल्यात स्थानबद्ध झालेले राष्ट्रीय नेते ही प्रकरणे डोळ्यांसमोर येतात. वर्गात इतिहास शिकविताना मीही याच क्रमाने शिकवितो आणि परीक्षेत प्रश्नही याच प्रकरणांवर घालतो. परंतु ज्या धान्यावर हे शहर, हा किल्ला आणि त्यातील फौजा पोसल्या गेल्या, त्या धान्याचा इतिहास पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपलीकडे सापडत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. हे धान्य म्हणजे हिवाळ्यात वाढणारी ज्वारी. तिला आपल्याकडे शाळू म्हणतात. तिचा इतिहास सांगावयाचा तर थोडे वनस्पतिशास्त्रही सांगावे लागते. कारण ही मुळात थंडीची वनस्पती नव्हे. ती थंडीत कशी टिकली, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत ऋतू. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावात हाच शब्द आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. फारसी दप्तरांतून हे शब्द महसुलाच्या भाषेत आले आणि तेथून थेट शेतकऱ्याच्या तोंडी बसले. गंमत अशी की ही नावे पेरणीवरून पडलेली नसून पीक हाती येण्याच्या काळावरून पडली आहेत. सारा वसूल करणाऱ्याला पेरणीशी काय कर्तव्य? त्याचे लक्ष खळ्याकडे. शेतकऱ्याचे गणित मात्र पेरणीपासून सुरू होते, आणि शाळूच्या बाबतीत सारे काही त्या पेरणीच्या तारखेवरच अवलंबून असते, हे पुढे दिसून येईल.

नगर जिल्ह्यात शेती किती जुनी आहे याचा पुरावा जमिनीखालून निघाला आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाच्या नावावरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव मिळाले. पुढे नेवासे येथे उत्खनन झाले. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडला आणि हे लहानसे गाव जगाच्या नकाशावर आले. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या उत्खननात जवाचे जळके दाणे विपुल मिळाले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी या भागातील माणूस हिवाळ्यात जव पिकवीत होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

जव आणि गहू ही पश्चिम आशियातील डोंगराळ मुलखाची पिके. थंडीत उगवावे, थंडीतच फुटवे धरावेत आणि ऊन तापू लागताच पिकून मोकळे व्हावे, असा त्यांचा मूळ स्वभाव आहे. ज्वारीचे माहेर याच्या अगदी उलट. ती आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ज्वारीची लागवड होऊ लागली होती, असा पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेथून ती भारतात आली. उष्ण हवा, तळपते ऊन आणि पावसाळ्याचे चार महिने हा तिचा संसार. अशा वनस्पतीला दख्खनच्या शेतकऱ्याने पावसाळ्यातून उचलून हिवाळ्यात नेऊन बसविले. जगात ज्वारी पिकविणारे देश पुष्कळ आहेत, परंतु पावसाळा संपल्यावर पेरून, केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीत ज्वारी काढण्याची पद्धत एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रामुख्याने दख्खनच्या पठारावरच आढळते. नगर, सोलापूर, पुणे, बीड, धाराशिव आणि कर्नाटकातील विजापूर हा तिचा बालेकिल्ला होय.

असे करण्याची गरज का पडली, हे आकाशाकडे पाहिल्यावर समजते. सह्याद्रीचा पाऊस अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला धो धो कोसळतो आणि पूर्वेकडे सरकताना आटत जातो. पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असतो. खात्रीचा म्हणावा असा पाऊस येतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. खाली भारी काळी जमीन असेल तर ती हे पाणी धरून ठेवते. मग हलक्या माळरानावर खरिपाची बाजरी आणि काळ्या रानात रब्बीचा शाळू, अशी वाटणी झाली. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये या जिल्ह्याच्या शेतीचे जे वर्णन आहे त्यातही बाजरी आणि ज्वारी हीच जोडी प्रमुख आहे. १८७६ साली सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस दख्खनला चुकला, रब्बीची पेरणी होऊ शकली नाही, आणि पुढील दोन वर्षांचा भीषण दुष्काळ उभा राहिला. म्हणजे शाळू ही काही हौसेने केलेली निवड नव्हती. पाऊस उशिरा येतो, तेव्हा पीकही उशिराच घ्यावयाचे. आणि उशिरा घ्यावयाचे तर ते थंडीत न्यावेच लागते.

आता खरा प्रश्न येतो. थंडीत अडचण नेमकी कशाची?

सामान्यतः आपण समजतो की थंडी स्वतःच पिकाला मारते. दहिवर पडून पाने करपली तर ते खरेही आहे. परंतु आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते. डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा रात्री १० अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा २८-३० अंशांपर्यंत चढतो. एवढ्या थंडीत पान गोठत नाही. तरीही उष्ण देशातील वनस्पतीला इजा होते, आणि ती रात्री नव्हे तर सूर्य उगवल्यानंतर होते. हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. त्याचे कारण पानाच्या कामाच्या पद्धतीत आहे.

पानावर ऊन पडते तेव्हा त्यातील हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते. त्या शक्तीच्या बळावर पान हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर बनविते. या क्रियेला सूर्यप्रकाश लागतो हे जान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखवून दिले. आयोडिन टाकून पानातील पिष्ट निळे-काळे करण्याचा प्रयोग आज शाळेतील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. पण या एका क्रियेत दोन वेगळी कामे आहेत, ही गोष्ट त्या प्रयोगात दिसत नाही. प्रकाश पकडणे हे पहिले काम आणि साखर तयार करणे हे दुसरे. पहिले काम जवळजवळ क्षणार्धात होते आणि त्याला थंडी-उष्णतेशी फारसे देणेघेणे नसते. दुसरे काम विकरांकडून होते आणि विकरे थंडीत मंदावतात.

आपल्या भागातील गुऱ्हाळाचा दृष्टांत घेऊ. चरक इंजिनावर चालतो. त्याला गारठ्याची पर्वा नाही. तो ऊस चिरडत राहतो, रस वाहत राहतो. परंतु चुलाणाचा जाळ मंद असेल तर काहिलीतला रस आटत नाही. नवा रस येतच राहतो, भांडी भरतात, रस बाहेर सांडतो आणि आंबतो. थंडीच्या सकाळी पानात असेच घडते. प्रकाश पकडण्याचा चरक जोरात, साखरेची काहील थंड. शिल्लक राहिलेली शक्ती कोठेतरी जाणारच. ती प्राणवायूच्या रेणूंना जाऊन मिळते आणि त्यापासून तीव्र, दाहक स्वरूपाचे पदार्थ तयार होतात. ते हरितद्रव्याच्या यंत्रणेवरच घाला घालतात. पान वरून हिरवे दिसत असते, पण त्याची काम करण्याची ताकद गेलेली असते.

त्यात आपल्या हवामानाची आणखी एक खोड आहे. रात्र सर्वांत गार केव्हा पडते? आकाश निरभ्र असते तेव्हा, कारण जमिनीतील उष्णता अडविणारे ढग नसतात. आणि जेथे ढग नाहीत तेथे सकाळी ऊनही झळझळीतच पडणार. म्हणजे जी रात्र पानाला सर्वांत जास्त गारठविते तिच्या पाठोपाठच सर्वांत प्रखर सकाळ येते. थंडी आणि उजेड हे दोन शत्रू नगरच्या पठारावर नेहमी जोडीनेच येतात.

या विषयाच्या संशोधनाचा इतिहास साखरेशी जोडलेला आहे, आणि साखर म्हटली की आपल्या जिल्ह्याला दूरचा विषय राहत नाही. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, बेलापूर कंपनीने हरेगावला ऊस लावला आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, हवाई बेटांवरील साखर उत्पादकांच्या प्रयोगशाळेत, उसाच्या पानात काहीतरी वेगळे घडते असे ध्यानात येत होते. इतर वनस्पतींत कार्बन डाय-ऑक्साइडपासून प्रथम तीन कार्बनांचा पदार्थ बनतो, हे मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते व कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. उसात मात्र प्रथम चार कार्बनांचा पदार्थ बनतो, असे कॉर्शाक, हार्ट व बर या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे, तेही एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी या मार्गाची उकल केली. आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९२४ मधील आपल्या ग्रंथात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या उन्हाळी व हिवाळी वागणुकीतील फरक आणि त्यातील मॅलिक आम्लाचा वाटा नोंदविला होता. त्याकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले.

ऊस, मका, बाजरी आणि ज्वारी या सर्व चार-कार्बनी वनस्पती. यांच्या पानात कार्बन डाय-ऑक्साइड दाबून भरण्याची जादा यंत्रणा असते. त्यामुळे कडक उन्हात, कमी पाण्यात, या वनस्पती गव्हा-जवापेक्षा कितीतरी सरस काम करतात. नगरसारख्या जिल्ह्याला ही देणगीच. पण या यंत्रणेत पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज नावाचे एक विकर आहे. ते गारठ्यात विस्कळीत होते. शिवाय रुबिस्को हे साखर बनविण्याच्या वाटेवरील मुख्य विकर या वनस्पती कमी प्रमाणात बाळगतात, कारण उष्ण हवेत थोडक्यात भागते. थंडीत मात्र ही काटकसर अंगाशी येते. गहू अशा वेळी काय करतो? थंडीत वाढलेले गव्हाचे पान ही विकरे जास्त प्रमाणात तयार करते. जाळ मंद झाला म्हणून तो काहिलींची संख्याच वाढवितो. ज्वारीला हे फारसे जमत नाही.

उसाच्या बाबतीत हीच थंडी माणसाच्या पथ्यावर पडते, हे येथे नमूद केले पाहिजे. गारठ्याने उसाची वाढ आधी थांबते. पान मात्र दुपारच्या उबेत साखर बनवीत राहते. वाढीसाठी खर्च न झालेली साखर कांड्यात साठते. थंडी पडली की उतारा वाढतो, हे कारखान्यातील प्रत्येक माणूस जाणतो. गळीत हंगाम हिवाळ्यात येतो त्यामागे हे कारण आहे. परंतु उसाकडून आपल्याला दाणा नको असतो. ज्वारीकडून दाणा हवा असतो, आणि तोही थंडीतच भरावयाचा असतो.

ज्वारी या परीक्षेत किती कच्ची आहे हे न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ येथे टेलर आणि रोली यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. त्यांनी ज्वारी, मका, सोयाबीन इत्यादी पिकांची रोपे १० अंश तापमानात प्रखर उजेडाखाली ठेवली. सर्वांचेच प्रकाशसंश्लेषण घटले, पण ज्वारीची अवस्था फारच वाईट झाली. पुन्हा उबदार जागेत नेल्यावरही ती लवकर पूर्वपदावर आली नाही. अशा नाजूक वनस्पतींना तेवढीच थंडी अंधारात दिली तर इजा पुष्कळ कमी होते. म्हणजे दोष एकट्या थंडीचा नव्हता. थंडी आणि उजेड एकत्र आल्याचा होता.

हा प्रयोग वाचल्यावर माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला साहजिकच प्रश्न पडतो : असे असेल तर शेकडो वर्षे आपल्या काळ्या रानात शाळू पिकला तरी कसा?

त्याचे पहिले उत्तर आपल्या दुपारी आहे. प्रयोगशाळेतील १० अंश अखंड होते. आपल्याकडे ते पहाटेपुरते असतात. सकाळी दहाच्या सुमारास पान तापते आणि काहील पुन्हा उकळू लागते. उन्हाने ज्या प्रथिनाला, म्हणजे डी-१ ला, सर्वांत आधी इजा होते, ते वनस्पती रोज मोडून काढते आणि नवे बसविते. ही दुरुस्ती गारठ्यात रेंगाळते, उबेत झपाट्याने होते. नगरची उबदार दुपार ही शाळूच्या पानाची दुरुस्तीची वेळ आहे असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उत्तर पानाच्याच अंगी आहे. सांडणाऱ्या रसाला वाट करून देणारी एक मोरी निसर्गाने सर्व उच्च वनस्पतींच्या पानांत ठेवली आहे. पानात हिरव्या रंगाबरोबर पिवळी रंगद्रव्येही असतात. उजेड जास्त झाला की त्यांपैकी व्हायोलाझँथिन या द्रव्याचे रूपांतर झियाझँथिनमध्ये होते, आणि उजेड उतरला की ते पुन्हा पूर्वरूपात येते. हा फेरा सोव्हिएत शास्त्रज्ञ सापोझ्निकोव्ह यांनी १९५७ मध्ये आणि यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये उलगडला. पण तो कशासाठी आहे, हे बरीच वर्षे कोडेच होते. १९८७ मध्ये बार्बरा डेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत दाखविले की झियाझँथिन वाढले की पान जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवी करून टाकते. मक्याच्या पिवळ्या दाण्यात जो रंग असतो तोच हा; त्याचे नावही मक्याच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. ज्याला आपण भाकरीच्या ताटात पाहतो, तो रंग शेतातील पानाच्या पहाऱ्यावर उभा असतो.

तिसरे उत्तर माणसाचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. शाळूची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिनाभरात उरकावी, अशी आज कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. जुना शेतकरी हेच नक्षत्रांच्या भाषेत सांगत असे : उत्तरा लागली की तिफणी तयार, हस्ताचा पाऊस झाला की पेर, चित्रा ओलांडू नकोस. या महिन्यात पेरले म्हणजे रोप उबदार मातीत उगवते, कडाक्याची थंडी येण्यापूर्वी पानांचा संभार पुरा होतो, आणि ओल संपण्यापूर्वी कणीस बाहेर पडते. उशीर झाला की तीन संकटे एकदम येतात. खोडमाशी कोवळे रोप पोखरते, कोवळी पाने ऐन गारठ्यात उघडतात आणि दाणा भरण्याच्या वेळी जमीन भेगाळलेली असते. सप्टेंबरात पेरण्यामागे डी-१ नावाचे प्रथिन आहे हे कोणा शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ज्या वर्षी उशीर झाला त्या वर्षीचे रिते खळे त्याने पाहिले होते, आणि ज्या ताटाला थंडीतही भरलेले कणीस आले त्याचेच बी त्याने पुढच्या वर्षासाठी बाजूला काढले होते. अशी निवड पिढ्यान् पिढ्या चालत आली. शाळू, दगडी, मालदांडी ही नावे त्या निवडीतून उरलेली आहेत.

यांपैकी मालदांडीचे भाग्य उजळले. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ३५-१ हा वाण काढण्यात आला. पांढरा टपोरा मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावरे आवडीने खातील असा कडबा. त्यानंतर देश स्वतंत्र झाला, हरित क्रांती झाली, कितीतरी वाण आले आणि गेले. मालदांडी ३५-१ आजही शेतात आहे, आणि नवा वाण आला की त्याची तुलना आजही तिच्याशीच केली जाते.

संकरित ज्वारीने तिला का हटविले नाही, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो व काफिर या ज्वारींपासून नरवांझ वाण मिळविला आणि संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची वाट मोकळी झाली. भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. खरिपात त्याने आणि त्याच्या पाठच्या वाणांनी उत्पादन कितीतरी वाढविले. 'मिलो' हा शब्द आपल्याकडील वडीलधाऱ्यांना वेगळ्याच कारणाने आठवतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत मिळालेली ती लाल, जाडीभरडी ज्वारी! खडी फोडण्याच्या कामावरून आलेल्या माणसांनी तिच्या भाकरी खाल्ल्या. त्या वर्षांनंतर सरकारने आणि शास्त्रज्ञांनी रब्बीतही संकरित वाण आणण्याचा मनापासून प्रयत्न केला. यात हेतूबद्दल शंका घेण्यास जागा नाही. भुकेल्या माणसाला जास्त धान्य हवे होते.

परंतु हिवाळ्याने या वाणांची परीक्षा घेतली. नरवांझ मातेपासून आलेल्या संकरित ताटात परागकण पुन्हा सुपीक व्हावे लागतात. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की हे काम अर्धवट राहते आणि कणसात दाण्यांऐवजी पोकळ कुसे दिसतात. केवळ संकरितच नव्हे, एकूणच ज्वारीचे पराग घडण्याच्या सुमारास गार रात्री पडल्या तर नरवांझपणा येतो, हे ब्रूकिंग यांनी १९७६ मध्ये न्यूझीलंडमध्येच दाखविले. ज्या देशात ज्वारी हे मुख्य अन्न नाही तेथे तिच्या थंडीचा एवढा अभ्यास झाला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. पुढे थंडी अधिक सोसणारे रब्बी संकरित वाणही आले, पण खरिपात झाली तशी क्रांती रब्बीत झाली नाही. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत हीही कारणे होतीच. खरिपाचा संकरित दाणा उशिराच्या पावसात काळा पडतो. शाळू कोरड्या थंडीत पिकतो म्हणून पांढराशुभ्र राहतो. ज्या थंडीने पानाला त्रास दिला तिनेच दाणा स्वच्छ ठेवला.

१९६८ मध्ये राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. परदेशी रक्तावर सर्व भिस्त न ठेवता त्यांनी देशी शाळूच्याच वंशातून, जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे सुधारित वाण काढले. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले यशोदा, बागायतीसाठी फुले रेवती. ही नावे आज जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत सर्वांच्या तोंडी आहेत. हुरड्यासाठी वेगळा वाणही आहे.

तरीही शाळूचे क्षेत्र महाराष्ट्रात घटत चालले आहे, ही वस्तुस्थिती आहे. जेथे पाणी पोचले तेथे ऊस, कांदा आणि गहू आला. जेथे नाही तेथे हरभरा. शाळू उपटून काढावा लागतो, आणि पहाटेच्या गारठ्यात ओणव्याने तो उपटणारे मजूर आता मिळत नाहीत. ज्यांच्या गोठ्यात बैल राहिले नाहीत त्यांना कडब्याचेही आकर्षण उरले नाही. बाजारात शाळूचा भाव चढा असतो, कारण खाणारे शहरात आहेत. पिकविणाऱ्याच्या घरात मात्र रेशनचा गहू शिजतो. एखाद्या गावात शाळूची पेर थांबली की त्या गावाने आपल्या रानासाठी निवडलेले बीही दोन-तीन वर्षांत संपते. कणगीतले बी किडते, आणि ते पुन्हा आणावयाचे तर दुकानातली पिशवीच आणावी लागते.

जगातील संशोधक आज उलट दिशेने निघाले आहेत. थंड देशांत ज्वारी पिकविता यावी म्हणून इथिओपियाच्या उंच पठारावरील व चीनमधील जुने वाण तपासले जात आहेत. मिसकँथस नावाचे एक गवत चार-कार्बनी असूनही इंग्लंडच्या थंडीत चांगले वाढते. २००८ मध्ये असे आढळून आले की गारठ्यात ते आपले पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज कमी होऊ देत नाही, उलट वाढविते. म्हणजे चार-कार्बनी वनस्पतीला थंडी कायमची वर्ज्य आहे असे नाही. हे सामर्थ्य ज्वारीच्या कोणत्या वाणात किती आहे, याचा शोध घ्यावयाचा तर जुनी बियाणी हवीत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेच्या बियाणे पेढीत जगभरातील ज्वारीचे हजारो नमुने जपून ठेवले आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या शाळूचेही आहेत. दीर्घकाळ टिकावे म्हणून हे बी तेथे शून्याखाली २० अंश तापमानात, अंधारात ठेवलेले असते. कोरड्या बियाला त्या थंडीचे काही वाटत नाही. पान फुटेपर्यंत त्याचे उन्हाशी वैर सुरू होत नाही.